दगडाचा पत्ता

परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांच्या पायाखाली एकच खडक आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची गाळाची जमीन सोडली, तर विहीर खणताना बहुधा हाच क्रम लागतो. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. आपल्या मुलांच्या हा खडक इतक्या ओळखीचा असतो, की त्याच्याकडे मुद्दाम पाहावे असे कोणाला वाटत नाही.

हाच खडक इतरत्रही आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर सशासारखे किंवा हरणासारखे जे काळसर डाग दिसतात, ती बेसाल्टची मैदाने आहेत. मंगळाच्या पृष्ठभागाचाही मोठा भाग बेसाल्टचाच आहे. आणि परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूरपासून सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. ते आपल्याच बेसाल्टवर आकाशातून अशनी आदळल्याने झालेले आहे. चंद्रावर जे असंख्य वेळा घडले, ते आपल्या शेजारी एकदा घडून गेले आहे.

दुसऱ्या ग्रहावरचे दगड गोळा करायचे, तर त्याचा सराव आधी पृथ्वीवर करावा लागतो. दगड उचलायला कसला आला आहे सराव, असे वाटणे साहजिक आहे. या लेखात आम्ही त्या सरावाचाच इतिहास सांगणार आहोत. तो लोणारच्या काठापासून चंद्रापर्यंत जातो आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दगड कोठे होता, कोणत्या थरात होता, जागेवर होता की सुटा पडला होता, हे माहीत असेल तरच तो काही सांगू शकतो. या माहितीला आम्ही दगडाचा पत्ता म्हणतो.

लोणारचे कोडे

लोणारचे सरोवर फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. लवणासुराची कथा आपल्याला ठाऊक आहेच. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. खाऱ्या पाण्यातून मिळणाऱ्या क्षारांना दल्ला, पापडी, भुस्की अशी गावची नावे होती. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही येथे काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेव्हापासून दीडशे वर्षे एक प्रश्न चर्चेत राहिला: हा खड्डा झाला कसा?

खड्डा लहानसहान नाही. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, काठापासून तळाची खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे आणि आकार जवळजवळ वर्तुळासारखा आहे. काठ भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उचललेला आहे. काठावरून कोणताही दगड उचलला तरी तो बेसाल्ट निघे, आणि बेसाल्ट म्हणजे ज्वालामुखीचा दगड. तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, हा तर्क सहज सुचण्यासारखा होता. प्रत्येक नमुना त्याला दुजोरा देत होता.

अडचण एकच होती. येथे ज्वालामुखीचे मुख असते, तर त्यातून बाहेर पडलेला आणि भोवतालच्या थरांहून नवा असा लाव्हा कोठे तरी दिसायला हवा होता. तसा लाव्हा दिसत नव्हता. म्हणून कोणी वाफेचा किंवा वायूंचा स्फोट सुचवला, तर कोणी जमीन खचल्याचे म्हटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ साली या सरोवरावर सविस्तर लेखन केले, तरीही प्रश्न सुटला नाही.

याच काळात अमेरिकेतही असाच वाद चालू होता. ॲरिझोनाच्या वाळवंटात लोणारपेक्षा थोडे लहान, पण तसेच एक विवर आहे आणि त्याच्या आसपास लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले आहेत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत भूवैज्ञानिकाने १८९१ साली तेथे जाऊन दोन चाचण्या घेतल्या. मोठी लोखंडी अशनी जमिनीत रुतली असेल, तर चुंबकसूची हलली पाहिजे. तसेच काठावरचा भराव खड्ड्याच्या घनफळापेक्षा जास्त भरला पाहिजे, कारण खड्ड्यातली बरीच जागा अशनीने व्यापलेली असेल. दोन्ही चाचण्या विरोधात गेल्या. तेव्हा हा वाफेचा स्फोट असावा, असा निष्कर्ष त्याने १८९६ साली मांडला आणि सारखेपणा दाखवण्यासाठी लोणारचाही उल्लेख केला. ही दोन विवरे एकाच जातीची आहेत, हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर निघाले. कोणत्या जातीची, ते मात्र चुकले. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आलेली अशनी जमिनीत जशीच्या तशी राहत नाही. आघाताच्या क्षणीच तिचा बहुतेक भाग फुटून, वितळून आणि वाफ होऊन विखुरतो, हे त्या काळी कोणाला माहीत नव्हते.

विहिरीचा ढिगारा

मग आघात ओळखायचा कसा? पहिली खूण काठावरच्या थरांच्या क्रमात असते. ती समजण्यासाठी नव्या विहिरीजवळचा ढिगारा आठवा. खणताना आधी काळी माती निघते, ती तळाला पडते. तिच्यावर मुरूम येतो आणि सर्वांत शेवटी फोडलेला कातळ येतो. जमिनीत जे सर्वांत खाली होते, ते ढिगाऱ्यात सर्वांत वर दिसते. अशनीच्या आघातातही असेच होते. खड्ड्याच्या काठाचे थर बाहेरच्या बाजूला उचलले जातात, काही ठिकाणी पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटतात, आणि खोलवरचा दगड वर येऊन पडतो.

लोणारच्या उतारावर बेसाल्टचे पाच-सहा प्रवाह एकावर एक दिसतात. ते काठाजवळ बाहेरच्या दिशेने कललेले आहेत आणि काही जागी उलटलेलेही आहेत. पण ही खूण एखाद्या दगडात दिसत नाही. कोणता प्रवाह कितवा, हे ओळखून प्रत्येक जागी त्याचा कल मोजावा, तेव्हा ती दिसते. घरी नेलेल्या सुट्या दगडावरून ती कोणालाही सापडली नसती.

दुसरी खूण दगडाच्या आत असते. १९५३ साली लोरिंग कोस याने प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली सिलिकेचे एक नवे, घट्ट रूप तयार केले. त्याला पुढे कोएसाइट हे नाव मिळाले. १९६० साली एडवर्ड चाव, यूजीन शूमेकर आणि मॅडसन यांना ॲरिझोनाच्या विवरातल्या वालुकाश्मात तेच खनिज सापडले. इतका दाब तेथे जमिनीच्या वरच्या थरात आपोआप निर्माण होणे शक्य नव्हते. आघाताचा निर्विवाद पुरावा अशा प्रकारे हाती आला.

लोणारला मात्र ही कसोटी सरळ लावता येत नव्हती. कोएसाइट तयार होण्यासाठी क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, लागते. बेसाल्टच्या मूळ घडणीत ती नसते; असली तर पोकळ्यांत मागाहून भरलेली असते. १९६४ साली लाफोंद आणि डिट्झ यांनी लोणारवर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात अशनी-विवर या शब्दापुढे प्रश्नचिन्ह होते. ते प्रश्नचिन्ह काढायला बेसाल्टला साजेशी वेगळी खूण हवी होती.

तळाखालचे उत्तर

ती खूण एका भारतीय अशनीमुळे आधीच माहीत झाली होती. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरगोटी येथे एक अशनी पडली. तिचा अभ्यास करताना चेरमाक या शास्त्रज्ञाला १८७२ साली एक चमत्कारिक पदार्थ आढळला. त्याचा आकार फेल्डस्पारच्या स्फटिकाचा होता, पण आतली रचना काचेची होती. नेव्हिल स्टोरी-मॅस्केलाइन या ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञावरून त्याला मॅस्केलिनाइट असे नाव दिले गेले. पुढे कळले, की तीव्र आघाताची लहर दगडातून जाते तेव्हा फेल्डस्पारच्या अणूंची रांग विस्कटते, मात्र स्फटिकाची बाहेरची चौकट तशीच राहते. खडकाची कागदासारखी पातळ चकती घासून ती ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली, तर चांगला फेल्डस्पार उजळतो आणि मंदावतो. मॅस्केलिनाइट काळाच राहतो. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर असतो. तेव्हा लोणारला शोधायचे होते ते हेच.

सरोवराचा तळ सुमारे शंभर मीटर जाडीच्या गाळाने झाकलेला आहे. आघाताने चुरडलेला खडक असलाच, तर तो या गाळाखाली असणार होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र काम केले. विवराच्या तळात भोके पाडून खडकाचे लांब दंडगोल बाहेर काढले आणि काठावर चर खणले. कर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डॅनियल मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम् यांचा लेख १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. गाळाखाली कोणाश्म, म्हणजे तुटक्या तुकड्यांचा एकजीव झालेला खडक, मिळाला होता. त्यातल्या काही तुकड्यांवर आघाताचे द्योतक असलेले शंकूच्या आकाराचे तडे होते. बारीक कणांच्या कोणाश्मात मॅस्केलिनाइट होते. काठावरच्या चरांत पूर्ण वितळलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे बारीक मणी सापडले. दीडशे वर्षांचा प्रश्न सुटला.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोणारचा दगड १८२३ सालीही बेसाल्ट होता आणि १९७३ सालीही बेसाल्टच होता. बदलली ती नमुना घेण्याची रीत. दंडगोलातला प्रत्येक तुकडा किती खोलीवरचा हे लिहिलेले होते, चरातला प्रत्येक मणी कोणत्या जागेचा हे ठाऊक होते. म्हणूनच वितळलेले वर, तडे गेलेले खाली, अशी सगळी हकीकत जुळवता आली.

वैमानिकांची शाळा

लोणारचे काम चालू होते त्याच वर्षांत माणूस चंद्रावर दगड गोळा करत होता. अपोलोचे बहुतेक अंतराळवीर मुळात वैमानिक होते. दगडांशी त्यांचा संबंध नव्हता आणि काहींना त्यात गोडीही नव्हती. त्यांना भूविज्ञान शिकवण्याचा आग्रह धरणाऱ्यांत यूजीन शूमेकर आघाडीवर होते. १९६४ साली अंतराळवीरांना ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत नेले गेले. दरीत उतरताना पावलागणिक जुना थर येतो. विहिरीत उतरणाऱ्यालाही हाच अनुभव येतो, फक्त तेथे तो मैलभर खोल आहे. पुढे ॲरिझोनाचे विवर, हवाई बेटे, आइसलँड येथेही सराव झाला. १९६७ साली तर फ्लॅगस्टाफ गावाजवळ राखेच्या मैदानात सुरुंग लावून ४७ खड्डे उडवले गेले. चंद्रावरच्या एका जागेची छायाचित्रे समोर ठेवून ते आखले होते. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर जर्मनीतल्या रीस विवरात गेले. तेथल्या न्योर्डलिंगन गावाचे जुने चर्चच आघाताने झालेल्या खडकात बांधलेले आहे.

या शिक्षणाला खरे वळण दिले ते ली सिल्व्हर या प्राध्यापकांनी. १९६९ साली त्यांनी अपोलो १३ च्या चमूला कॅलिफोर्नियातल्या उजाड डोंगरांत नेले. व्याख्याने कमी आणि काम जास्त, अशी त्यांची पद्धत होती. जागा समोर आहे; पाहा, काय दिसते ते शब्दांत सांगा, मग ठरवा की येथून कोणते चार दगड नेले तर या जागेची गोष्ट सांगता येईल. पुढच्या सरावांत आणखी एक युक्ती होती. अंतराळवीर बिनतारी यंत्रावर वर्णन करत आणि ती जागा न पाहिलेले भूवैज्ञानिक दूर तंबूत बसून त्या वर्णनावरून नकाशा काढत. नकाशा चुकला, की वर्णनात काय राहिले ते कळे. प्रत्यक्ष मोहिमेतही ह्यूस्टनला भूवैज्ञानिकांची एक खोली अशीच ऐकत बसलेली असे.

नमुना उचलण्याची शिस्तही येथेच घोटली गेली. दगडाशेजारी आधी एक तिकाटणे ठेवायचे. त्याच्या मधली काठी आपोआप उभ्या रेषेत लोंबते. तिच्यावरून उंचीचे प्रमाण कळते, सावलीवरून दिशा कळते आणि पायावरच्या रंगपट्टीवरून दगडाचा खरा रंग ताडता येतो. मग छायाचित्र, मग दगड क्रमांकाच्या पिशवीत, मग मोकळ्या झालेल्या जागेचे पुन्हा छायाचित्र. पृथ्वीवर परतल्यावर प्रत्येक दगड चंद्रावर कोणत्या बाजूने वर होता हेही त्या चित्रांवरून सांगता येत असे.

चंद्रावरचा मांजऱ्या

१९६९ साली अपोलो ११ च्या वेळी चंद्रावर पायी फिरायला सुमारे अडीच तास मिळाले आणि २१.५ किलो नमुने आले. १९७२ साली अपोलो १७ च्या वेळी तीन फेऱ्या मिळून २२ तास मिळाले आणि ११० किलो नमुने आले. सहा मोहिमांची बेरीज ३८२ किलो होते. मात्र सरावाचा फायदा वजनात नाही, निवडीत दिसतो.

अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांनी जवळजवळ दर महिन्याला असा सराव केला होता. १९७१ साली चंद्रावर गाडीतून परतत असताना स्कॉट यांना वाटेत एक छिद्राछिद्रांचा काळा दगड दिसला. वेळ संपत आली होती आणि थांबायची परवानगी मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा पट्टा नीट करतो असे सांगून ते उतरले आणि दगड घेऊन आले. त्याला आजही 'सीट-बेल्ट बेसाल्ट' म्हणतात. आपल्याकडे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्याचाच हा चंद्रावरचा भाऊबंद. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे अडकून दोन्ही ठिकाणी छिद्रे झाली. फरक असा की आपल्या मांजऱ्यातल्या छिद्रांत भूजलाने आणलेली पांढरी, हिरवट खनिजे भरलेली असतात आणि चंद्रावरच्या दगडाची छिद्रे रिकामी आहेत. तेथे ती भरायला पाणीच नव्हते. वर्गात हा फरक दाखवायला मांजऱ्याचा एक तुकडा पुरतो.

दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, एका विवराच्या काठावर या दोघांना धुळीने माखलेल्या दगडावर ठेवल्यासारखा एक पांढरट स्फटिकमय खडा दिसला. जवळजवळ सगळाच फेल्डस्पार असलेला हा खडक, म्हणजे ॲनॉर्थोसाइट, चंद्राच्या मूळ कवचाचा तुकडा असणार, हे त्यांनी जागच्या जागी ओळखले. त्याचे वय ४०० कोटी वर्षांहून अधिक निघाले. अपोलो १७ मधील हॅरिसन श्मिट हे स्वतः भूवैज्ञानिक होते. त्यांना एका विवराजवळ नारिंगी माती दिसली. त्यांनी नुसती ओंजळभर माती भरली नाही. चर खणला, नळी ठोकून खालपर्यंतचा नमुना घेतला आणि नारिंगीखाली काळा थर असल्याचे दाखवले. ती माती म्हणजे ३५० कोटी वर्षांहून जुन्या लाव्ह्याच्या कारंज्यातून उडालेले काचेचे मणी होते.

दोन्हीकडचे मणी

काचेचे मणी लोणारच्या काठावरही मिळाले होते, हे वाचकांच्या लक्षात असेलच. दिसायला दोन्ही सारखे. पण लोणारचे मणी आघाताने वितळलेल्या खडकाचे आहेत आणि नारिंगी माती ज्वालामुखीची. नुसत्या आकारावरून हे सांगता येत नाही. रासायनिक घडण तपासावी लागते आणि मणी कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होते तेही पाहावे लागते. चंद्राच्या इतर जागी आघाताचे मणीही भरपूर मिळाले. त्यांच्याशी आणि तेथल्या बारीक कोणाश्मांशी लोणारच्या नमुन्यांचे अगदी जवळचे साम्य आहे, हे १९७३ च्या लेखातच नोंदवले होते. त्या वेळी बेसाल्टमध्ये झालेले पृथ्वीवरचे दुसरे आघात-विवर कोणाला माहीत नव्हते. पुढे ब्राझीलसारख्या ठिकाणी आणखी सापडली, तरी वाटीसारखा आकार टिकून राहिलेले लोणार आजही अभ्यासाला फार सोयीचे आहे.

१९७६ साली सुसान कीफर आणि सहकाऱ्यांनी लोणारचे नमुने घेऊन आघाताची जणू मोजपट्टीच तयार केली. बेसाल्टवर प्रयोगशाळेत ठरावीक दाबाचे आघात केले, त्यांची लोणारच्या दगडांशी तुलना केली आणि पाच वर्ग पाडले. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन लाख पटींपासून चार लाख पटींपर्यंत फेल्डस्पारचे मॅस्केलिनाइट होते. आठ लाख पटींच्या पुढे सगळा खडकच वितळतो. चंद्रावरच्या बेसाल्टने किती मार खाल्ला आहे, हे समजून घ्यायला अशी मोजपट्टी उपयोगी पडली. बुलडाणा जिल्ह्यातला दगड चांद्रविज्ञानाच्या कामी आला. चंद्रावरचे दगडही आपल्याकडे आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांत वैश्विक किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा अभ्यासल्या. दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता, याचा अंदाज त्यांवरून करता येतो.

लोणारचे सगळे प्रश्न मात्र संपलेले नाहीत. विवराचे वय १९९७ च्या एका अभ्यासात सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. पहिल्या वेळी काचेत साठलेल्या ऊर्जेचा प्रकाश मोजला होता, दुसऱ्या वेळी वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू. दुसरा आकडा आज अनेकांना अधिक भरवशाचा वाटतो. तरीही असा दहापटींचा फरक पडतो, तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा नमुन्यांकडेच वळतात. तोपर्यंत काठावरचे काचेचे तुकडे सहलीच्या पिशव्यांतून निघून गेले, तर वळायचे कोठे?

पत्ता नसलेला मंगळ

शेरगोटीच्या अशनीची गोष्ट अजून पुरी व्हायची आहे. १९८३ साली अंटार्क्टिकावर सापडलेल्या तिच्याच जातीच्या एका अशनीत अडकलेला वायू तपासला गेला. व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी तो जुळला. म्हणजे शेरगोटीचा दगड मंगळावरून आलेला होता. मंगळावर झालेल्या कोणत्या तरी आघाताने तो उडाला आणि बिहारमध्ये येऊन पडला. मंगळाचे असे पुष्कळ दगड आज पृथ्वीवर आहेत. मग मंगळावर यान पाठवून नमुने कशाला गोळा करायचे?

उत्तर आता वाचकांनाच देता येईल. शेरगोटीचा दगड मंगळावर कोठे होता, कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होते, हे सांगता येत नाही. त्याला पत्ता नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेली पर्सिव्हिअरन्स ही गाडी म्हणूनच खडूएवढे दंडगोल कापून नळ्यांत भरताना आधी जागेची छायाचित्रे घेते, दगड घासून तपासते आणि मगच नळी बंद करते. त्या नळ्या पृथ्वीवर कशा आणायच्या हे अजून ठरायचे आहे. चिनी यानांनी २०२० साली चंद्राच्या आपल्या बाजूचे १७३१ ग्रॅम आणि २०२४ साली पलीकडच्या बाजूचे १९३५ ग्रॅम नमुने आणले.

आपला देशही या वाटेवर आहे. चांद्रयान-२ च्या तयारीसाठी तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी भागातला ॲनॉर्थोसाइट दळून चंद्राच्या मातीसारखी माती बंगळूरला तयार केली होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. चंद्रावरचे नमुने आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. ते नमुने तपासणारे, आणि पुढे कधी काळी स्वतः जाऊन उचलणारे, आज कोठल्या तरी शाळेत बसलेले आहेत.

आपल्या ओढ्यात

आमच्याकडे दरवर्षी काही जण पिशवीत दगड घेऊन येतात आणि ही अशनी आहे का, असे विचारतात. बहुतेक दगड अशनी नसतात. आमचा पहिला प्रश्न असतो, हा कोठे सापडला? 'शेतात' यापलीकडे उत्तर क्वचितच मिळते. ही सवय शाळेतच बदलता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही.

सरावासाठी लोणारला जाऊन दगड मात्र आणू नयेत. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळ जागांच्या यादीतही आहे. तेथे पाहावे, रेखाटावे आणि हात रिकामे ठेवून परत यावे. सराव गावाच्या ओढ्यात, रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत किंवा नव्या विहिरीच्या ढिगाऱ्याजवळ करावा. चालू खाणीत आणि उघड्या विहिरीत मुलांना उतरवू नये. दगड फोडायचा झाल्यास तो शिक्षकांनी, डोळ्यांवर चष्मा लावून फोडावा.

मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात. एक तुकडी ओढ्यावर जाईल, दुसरी वर्गात थांबेल. ओढ्यावरच्या मुलांनी दगडाला हात लावण्याआधी वहीत लिहावे: तारीख, जागा, ओळखीच्या खुणेपासून किती पावले आणि कोणत्या दिशेला, दगड कातळाला चिकटलेला आहे की सुटा, त्याच्या वर आणि खाली काय आहे. शेजारी फूटपट्टी ठेवून चित्र काढावे. मग मोबाइलवरून, छायाचित्र न पाठवता, फक्त बोलून वर्गातल्या मुलांना जागेचे वर्णन सांगावे आणि त्यांनी नकाशा काढावा. त्यानंतर सर्वांनी मिळून ठरवावे, की या जागेची गोष्ट सांगायला कोणते चार दगड पुरेत. चारच. प्रत्येकावर क्रमांक टाकावा आणि तोच क्रमांक वहीत असावा.

विहिरीच्या ढिगाऱ्यावर आणखी एक प्रयोग होतो. ढिगाऱ्यातल्या थरांचा क्रम लिहून काढावा, तो उलटा करावा आणि विहीर खणणाऱ्यांना विचारून ताडून पाहावा. लोणारच्या काठावर भूवैज्ञानिकांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या चार दगडांतला एक दगड, ओढ्यावर न गेलेल्या मुलाच्या हातात द्यावा आणि वही वाचून तो मूळ जागी नेऊन ठेवायला सांगावे. दगड आपल्या जागी पोचला, तर नोंद चांगली झाली असे समजावे. न पोचला, तर वहीत काय लिहायचे राहिले ते मुलांनी आपसांत शोधून काढावे आणि पुढच्या वेळी ते लिहावे.